डोंगरवाट व श्रद्धेची वाढ

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, कीं आमच्या शाळेंत डोंगरयात्रेची सूचना फळ्यावर लागते, आणि पुढच्याच आठवड्यांत पालकांच्या दोनतीन चिठ्ठ्या ठरल्याप्रमाणें येतात. मजकूर बहुधा एकाच अर्थाचा असतो. सहल म्हणून मुलें जात असतील तर हरकत नाहीं. परंतु सूचनेंत 'धर्मशिक्षणाचा भाग' असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ काय? पवित्र शास्त्र वर्गांत शिकवितां येतें, उपासना मंदिरांत होते. मग पायांना फोड आणून शिकण्याजोगें डोंगरावर असें काय आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर चिठ्ठीच्या पाठीवर मावण्यासारखें नसल्यामुळें वार्षिकाच्या संपादकांनीं दिलेल्या या पानांत तें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मोटारींत बसून प्रेक्षणीय स्थळें पाहून येणें ही सहल. तींत वाट ही केवळ अडचण असते. ती जितकी लौकर सरेल तितकी बरी. पायीं केलेल्या यात्रेंत दिवसाचा बहुतेक वेळ वाटेवरच जातो, आणि ज्याला आपण श्रद्धेची वाढ म्हणतों तीहि, माझ्या अनुभवाप्रमाणें, शिखरावर न होतां या वाटेवरच होते. शिखरावरचा वारा, सूर्योदय, खालीं पसरलेले ढग यांचें वर्णन मुलें निबंधांत मोठ्या हौसेनें करितात. तें मी आनंदानें वाचतों, पण तेवढ्यासाठीं मीं त्यांना तेथें नेलेलें नसतें.

ख्रिस्ती धर्माचा पायीं चालण्याशीं असलेला संबंध आज कोणी नव्यानें जोडलेला नाहीं. स्तोत्रसंहितेंत १२० पासून १३४ पर्यंत जीं पंधरा स्तोत्रें आहेत, त्यांस आरोहणस्तोत्रें म्हणतात. सणासाठीं यरुशलेमेस जाणारे यात्रेकरू तीं वाटेनें गात असत, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. ज्यानें ती वाट नकाशावर तरी पाहिली असेल, त्याला 'आरोहण' या शब्दाचें महत्त्व सहज कळेल. यरीहो हें नगर समुद्रसपाटीच्या खालीं सुमारें ८०० फूट आहे, आणि यरुशलेम समुद्रसपाटीच्या वर सुमारें २,५०० फूट. म्हणजे या दोन नगरांमधील पंधराअठरा मैलांच्या ओसाड वाटेंत ३,००० फुटांहून अधिक चढण! आमचीं मुलें कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गांवाहून शिखरापर्यंत जेवढी चढण चढतात, तिच्याहून ही थोडीशी अधिकच भरेल. त्या यात्रेकरूंत म्हातारे असत, कडेवर मुलें घेतलेल्या बाया असत. त्या संग्रहांतील दुसऱ्याच स्तोत्रांत कवीची दृष्टि डोंगरांकडे जाते. पण त्याचा भरवसा डोंगरांवर नाहीं, ते ज्यानें निर्माण केले त्याच्यावर आहे. शेवटून दुसऱ्या स्तोत्राचा विषय तर भाऊबंदांनीं एकोप्यानें राहणें हाच आहे. कित्येक दिवस एकत्र चालून, एकमेकांचीं ओझीं व एकमेकांचे स्वभाव सोसून आलेल्या माणसांच्या तोंडीं तो विषय यावा, यांत नवल नाहीं.

लूकाच्या शुभवर्तमानांत बारा वर्षांच्या येशूची जी गोष्ट आहे, तीहि अशाच एका यात्रेची. वल्हांडण सण आटोपून नासरेथची मंडळी परत निघाली. येशू यरुशलेमेंतच मागें राहिला, आणि आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तरी तो बरोबर नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. आजच्या पालकांस हा मोठाच निष्काळजीपणा वाटेल. (सूचनापत्राखालीं सही करण्यापूर्वीं मुलाला फोन किती वाजतां करावा, हें विचारणारे पालक मला ठाऊक आहेत.) परंतु मरीया व योसेफ यांची समजूत अशी होती, कीं मुलगा सोबतच्या नातलगांत, ओळखीच्या माणसांत कोठेंतरी असेलच. या समजुतींतच त्या यात्रेचें स्वरूप दिसून येतें. तेथें कोणतेंहि मूल एकट्या आईबापाचें नसे. तें सगळ्या मेळ्याचें असे.

मार्काच्या नवव्या अध्यायांतील एक प्रसंग शिक्षकानें तर मनांत जपूनच ठेवावा. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांचें भांडण झालें, आणि तें कशावरून? आपणांमध्यें मोठा कोण, यावरून! प्रभूबरोबर चालणाऱ्या मंडळींतहि वाटेवर भांडणें होतात, ही गोष्ट शास्त्रानें लपवून ठेवलेली नाहीं. लक्षांत घेण्यासारखें असें, कीं प्रभूनें त्यांना वाटेंत थांबवून फटकारलें नाहीं. घरीं पोंचल्यावर त्यानें विचारलें. तेव्हां ते गप्प राहिले. डोंगरावर पुढें कोणी जावें, पाणी कोणीं जास्त प्यालें, यावरून मुलांची जी कुरबूर होते, तिचा निकाल मी चढणीवर लावीत नाहीं. संध्याकाळीं जेवणें झाल्यावर विचारतों. त्या वेळीं जी शांतता पसरते, ती कफर्णहूमच्या त्या घरांतील शांततेसारखीच असावी.

आणि महाराष्ट्रांतल्या माणसाला पायीं चालण्याचें धार्मिक महत्त्व समजावून सांगण्याची गरज ती काय! आषाढांत आळंदीहून पंढरपुराकडे सुमारें २५० किलोमीटर वाट चालून जाणारी वारी आपल्या डोळ्यांसमोर आहे. दिंडींतील माणूस शेजारच्या अनोळखी माणसाला 'माऊली' म्हणतो व त्याच्या पायां पडतो. पंढरीस मोटारीनें दोन प्रहरांत पोंचतां येत असतां लाखो माणसें पायीं कां जातात, याचें उत्तर ज्याला सांपडलें, त्याला माझा हा लेख वाचण्याची फारशी आवश्यकता नाहीं. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण कीर्तन, भजन व अभंग यांना ते परके झाले नाहींत, उलट तीं साधनें त्यांनीं ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचें ते बोलत असत. मराठी ख्रिस्ती मंडळीनें चालण्याची परंपरा कोठून तरी परदेशांतून आणावी लागेल असें नाहीं. ती तिच्या अंगणांतूनच जाते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वाटेवर असें काय घडतें, कीं जें वर्गांत घडत नाहीं?

वर्गांत शिक्षक व विद्यार्थी समोरासमोर असतात. मी प्रश्न विचारतों, तो उत्तर देतो. त्याचें तोंड मला दिसतें, माझें त्याला. जो प्रश्न त्याच्या मनांत खरोखर सलत असतो तो अशा वेळीं ओठांवर येत नाहीं, कारण चाळीस मुलें ऐकत असतात व गुरुजींच्या कपाळावरची आठी समोर असते. वाटेवर दोघे शेजारीं शेजारीं चालतात. दोघांचीहि दृष्टि पायाखालच्या दगडांवर असते. बोलतां बोलतां थांबलें तरी वावगें दिसत नाहीं, कारण चालणें चालूच असतें. जें तोंडाकडे पाहून सांगवत नाहीं, तें वाटेकडे पाहत सांगतां येतें.

अम्माऊसच्या वाटेवरील कथा या दृष्टीनें वाचून पाहावी. यरुशलेमेहून सुमारें सात मैलांवरच्या गांवीं दोघे शिष्य चालले आहेत. त्यांची आशा मावळली आहे. तिसरा एक वाटसरू त्यांना येऊन मिळतो, आणि तो पहिल्या प्रथम उपदेश करीत नाहीं. तुम्ही काय बोलत चाललां आहां, असें विचारतो. मग ते आपली सगळी निराशा त्याच्यापुढें ओततात, आणि ती ओतून झाल्यावर तो शास्त्राचा उलगडा करूं लागतो. त्यांना त्याची ओळख पटते ती तर गांवांत पोंचल्यावर, भाकर मोडतांना. जो शिक्षक मुलांना डोंगरावर नेऊन पहिल्याच विसाव्याला प्रवचन सुरू करितो, त्यानें हा क्रम उलटा केलेला असतो.

येथें कोणी म्हणेल, कीं मग एकट्यानेंच कां चालूं नये? साधु सुंदरसिंगांचें उदाहरण पुढें येतें. त्यांचा बाप्तिस्मा १९०५ सालीं सिमल्यास झाला. भगवें वस्त्र पांघरून, अनवाणी, ते हिमालयांतून तिबेटापर्यंत गेले, आणि १९२९ सालीं त्याच वाटेला जे गेले ते परत आले नाहींत. त्यांच्याविषयीं मला नितांत आदर आहे. परंतु तें पाचारण विरळ्याला होतें. चौदापंधरा वर्षांच्या मुलाला एकांतांत पाठविलें, तर तो बहुधा स्वतःविषयींच विचार करीत बसतो. त्याला सोबत्यांची, आणि तीहि स्वतः न निवडलेल्या सोबत्यांची, गरज असते.

सोबतीच्या या मार्गाचें मला ठाऊक असलेलें सर्वांत सुंदर उदाहरण पोलंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत साम्यवादी सरकारचा अंमल होता, आणि पाद्र्यांनीं तरुणांचे संघ चालविण्यास मनाई होती. क्राकोव येथें कारोल वोयतिवा नांवाचे एक तरुण पाद्री विद्यार्थ्यांमध्यें काम करीत होते. १९५० नंतरच्या वर्षांत ते या विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत पायीं फिरूं लागले, नद्यांतून होड्या वल्हवूं लागले. अंगावर पाद्र्याचा झगा नसे, साधे कपडे असत. चारचौघांत 'फादर' म्हटलें तर संशय येईल, म्हणून मुलें त्यांना पोलिश भाषेंत 'वूयेक' म्हणत. आपल्याकडे 'मामा' म्हणतात तसेंच तें. सकाळीं उघड्या माळावर उपासना होई, आणि नदीकांठीं मुक्काम असला, तर पालथी घातलेली होडी हीच वेदी होई. दिवसा ते एकेकाबरोबर चालत व ऐकत. गणिताच्या, भौतिकशास्त्राच्या त्या विद्यार्थ्यांनीं त्यांना जें विचारलें, तें परीक्षेंतलें नव्हतें: लग्न कोणाशीं करावें, प्रेम कशाला म्हणावें, भीतीच्या राज्यांत खरें कसें बोलावें. या संभाषणांतून पुढें त्यांचा प्रेम व जबाबदारी या विषयावरचा ग्रंथ १९६० सालीं निघाला. १९५८ सालीं त्यांना बिशप नेमल्याचें कळविण्यासाठीं बोलावणें गेलें, तेव्हांहि ते अशाच एका नदीप्रवासांत होते; वॉर्सास जाऊन त्यांनीं नेमणूक स्वीकारली आणि पुन्हां मुलांकडे होडींत परतले! १९७८ सालीं तेच पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्या मंडळींतलीं तरुण माणसें एकमेकांच्या लग्नांना, बारशांना, आजारपणांना जन्मभर धांवून गेलीं. पंथ कोणताहि असो, ख्रिस्ती शिक्षकानें हा प्रयोग अभ्यासावा असें मला वाटतें. त्या सरकारनें सभा बंद केल्या, पण दहापांच माणसांनीं मिळून चालणें त्याला बंद करितां आलें नाहीं.

आमची यात्रा याहून फारच साधी. आतां अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, अकोलें तालुक्यांत कळसूबाईचें शिखर आहे. उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रांत याहून उंच जागा नाहीं. आम्ही पायथ्याला बारी गांवांत शुक्रवारीं संध्याकाळीं पोंचतों, एका घराच्या पडवींत व अंगणांत पथाऱ्या टाकतों, शनिवारीं पहांटे निघतों, दुपार कलतां उतरतों, आणि रविवारची उपासना गांवाबाहेरच्या माळावर करून परततों. कड्याच्या जागीं लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत, त्यामुळें वाट अवघड असली तरी शाळेच्या मुलांना झेपणारी आहे.

नियम थोडेच आहेत. मोबाईल फोन बारीसच एका पिशवींत जमा होतात. एक फोन शिक्षकाजवळ राहतो. पहिला अर्धा तास, अंधार असेपर्यंत, कोणी बोलावयाचें नाहीं. आणि मुख्य नियम असा, कीं सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढें असेल, व त्याला ओलांडून कोणीहि पुढें जाणार नाहीं.

या शेवटच्या नियमावर चपळ मुलें दर वर्षीं रुसतात. फुटबॉलच्या संघांतील एका खेळाडूनें मला स्पष्ट विचारलें, "सर, हा अन्याय नाहीं का? आम्ही कशाला रखडायचें?" हळू चालणाऱ्यालाहि तो नियम सुखाचा नसतो, मागें तीस मुलें खोळंबलीं आहेत ही जाणीव त्याला पायांतील गोळ्यांपेक्षां अधिक टोंचते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय मी वर्गांत अनेकदां शिकविला आहे: शरीर एक, अवयव अनेक, आणि दुर्बळ दिसणाऱ्या अवयवाची गरज अधिक. परीक्षेंत मुलें त्यावर उत्तम उत्तरें लिहितात. परंतु शिडीच्या खालीं उभें राहून, एक स्थूल मुलगा एकेक पायरी श्वास घेत चढत असतां मान वर करून पाहणें, हें त्या अध्यायाचें वाचन निराळेंच असतें. पहिल्या शिडीशीं मागून हंसण्याचे आवाज येतात. दुसऱ्या शिडीशीं कोणीतरी "डावा पाय आधीं ठेव" असें सांगतो. शेवटच्या शिडीपर्यंत त्याची पिशवी कोणाच्या तरी पाठीवर गेलेली असते, आणि ती कोणीं घेतली हें मला बहुधा कळतहि नाहीं. अहरोन व हूर यांनीं डोंगरावर मोशेचे थकलेले हात धरून ठेवले, त्याची आठवण मी त्या वेळीं करून देत नाहीं. रात्रीं देतों.

शिखरावर कळसूबाई देवीचें लहानसें देऊळ आहे, आणि याबद्दल दोन्ही बाजूंचे पालक मला विचारतात. आमच्या शाळेंत ख्रिस्ती मुलांपेक्षां इतर मुलांची संख्या अधिक आहे. ज्यांच्या घरची ती भक्ति आहे तीं मुलें आंत जाऊन दर्शन घेतात. ज्यांची नाहीं तीं जोडे काढून बाहेर शांत बसतात. ख्रिस्ती प्रार्थना आम्ही देवळाच्या दारांत करीत नाहीं. पाहुण्यानें यजमानाच्या उंबऱ्यावर आपला उपदेश मांडणें शोभत नाहीं. रात्रीच्या व रविवारच्या उपासनेला इतर धर्मांच्या मुलांनीं बसलेंच पाहिजे असें नाहीं. कित्येक जण तो वेळ गांवच्या मंडळीबरोबर चुलीपाशीं घालवितात, आणि तेथें त्यांना मिळणारें शिक्षण कमी प्रतीचें असतें असें मला मुळींच वाटत नाहीं. कांहीं बसतात, प्रश्नहि विचारतात. त्यांच्या प्रश्नांनीं ख्रिस्ती मुलांची मोठी पंचाईत होते, कारण लहानपणापासून पाठ असलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना प्रथमच सांगावा लागतो.

गेल्या डिसेंबरांतील एक गोष्ट, त्या मुलाची व त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन, नांवाशिवाय येथें देतों. नववीच्या वर्गांतील या मुलाची आई त्या वर्षाच्या एप्रिलांत वारली होती. तो मंडळींतील मुलगा. पूर्वी गायनांत पुढें असे. आईच्या दफनानंतर त्यानें प्रार्थनेच्या वेळीं ओठ मिटले ते मिटलेच. कोणी बोललें तर उठून जाई. धर्मशिक्षणाच्या वहींत त्यानें आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती, आणि मींहि ती मागितली नाहीं. यात्रेला तो आला तो वडिलांनीं पाठविला म्हणून.

चढतांना त्याची जोडी पुढच्याच मुलाशीं, म्हणजे त्या स्थूल, हळू चालणाऱ्या मुलाशीं पडली. उतरतांनाहि ते दोघे पुढें, आणि मी त्यांच्या मागें दोनतीन पावलांवर. एका वळणावर त्यानें सोबत्याला विचारलेलें मला ऐकूं आलें: "तुला खरेंच वाटतें का रे, कीं प्रार्थना कोणी ऐकतो?" मी पुढें होऊन उत्तर देऊं शकलों असतों. तेवढ्यांत तो स्थूल मुलगा म्हणाला, "थांब जरा. मला दम लागलाय." दोघे थांबले. त्यांच्या मागें सगळी रांग थांबली. पुन्हां चालूं लागल्यावर त्या मुलानें आपल्या आईच्या आजाराची हकीकत सांगावयास आरंभ केला. रुग्णालयांतल्या पहिल्या दिवसापासून, क्रमानें, कांहींहि न वगळतां. अर्धा तास तो बोलत होता. सोबती एक शब्द बोलला नाहीं. त्याला बोलण्याइतका दमच नव्हता! धडधाकट श्वासाचा सोबती असता, तर त्यानें मध्येंच धीराचीं चार वाक्यें सांगितलीं असतीं, आणि हकीकत तेथेंच थांबली असती.

रविवारीं सकाळीं माळावर प्रत्येकानें प्रार्थनेसाठीं एकेका माणसाचें नांव सुचवावयाचें होतें. नको असेल त्यानें गप्प राहावें, शेजारचा पुढें सांगेल, अशी पद्धत आहे. त्याची पाळी आली तेव्हां मीं शेजारच्याकडे पाहिलें. पण तो बोलला: "बाबांसाठीं. ते रात्रीं झोंपत नाहींत." एवढेंच. स्वतः त्यानें प्रार्थना केली नाहीं. इतरांनीं केली, तो मान खालीं घालून बसला.

याला मी श्रद्धेची वाढ म्हणावी कीं नाहीं, असें एका सहकारी शिक्षकांनीं विचारलें. माझें मत असें, कीं श्रद्धा म्हणजे मनाची प्रसन्नता नव्हे. जो आठ महिने देवाशीं अबोला धरून होता, त्यानें देवासमोर एका माणसाचें नांव घेतलें, तेंहि स्वतःहून अधिक दुःखी माणसाचें. अम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांजवळ तरी आरंभीं याहून अधिक काय होतें? पुढची वाट त्याची त्याला चालावयाची आहे.

डोंगरावरील उत्साहाविषयीं मात्र मी जपून बोलतों. शिखरावर डोळे भरून येणें, हात वर करून गाणें, आयुष्य देवाला वाहण्याच्या प्रतिज्ञा करणें, हें सर्व मीं पाहिलें आहे, आणि सोमवारीं दुसऱ्या तासाला त्यांतील किती उरतें तेंहि पाहिलें आहे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप घालून तेथेंच राहावेंसें वाटलें. तसें झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते खालीं उतरले, तों पायथ्याशीं एक बाप आपल्या झटके येणाऱ्या मुलाला घेऊन उभा होता. इटलींतील तुरीन शहरचा पिएर जॉर्जो फ्रासाती (१९०१–१९२५) हा तरुण याचें चांगलें उदाहरण आहे. खाणकामाच्या अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी आल्प्स पर्वतांत मित्रांना घेऊन चढे, त्यांच्याबरोबर हंसे, गाई, प्रार्थना करी. आणि शहरांत असला कीं गल्लीबोळांतील गरिबांच्या खोल्यांत औषधें व कपडे पोंचवी. पोलिओच्या आजारानें तो २४ व्या वर्षीं वारला. प्रेतयात्रेला जमलेले ते असंख्य गरीब लोक पाहिल्यावर, आपला मुलगा काय करीत होता हें त्याच्या सुखवस्तु घराला कळलें. २०२५ च्या सप्टेंबरांत रोमन मंडळीनें त्याला संत म्हणून घोषित केलें. त्याच्या डोंगरांना त्या गल्ल्यांपासून वेगळें काढतां येत नाहीं. आमच्याकडेहि यात्रेला आलेल्या मुलांनीं जानेवारीपासून आठवड्यांतून एकदां, शाळेजवळच्या वृद्धांच्या घरीं वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास जावें, अशी रीत गेल्या तीन वर्षांपासून आहे. हजेरी नेहमींच भरगच्च असते असें नाहीं. पण तो फुटबॉलपटू एकहि आठवडा चुकला नाहीं.

आतां पालकांसाठीं थोडें व्यवहाराचें. नवे बूट घेऊन देऊं नयेत. जुने, पायांत मुरलेले व तळ न झिजलेले असावेत. पाण्याच्या दोन बाटल्या, एक जाड पांघरूण (डिसेंबरांत बारीस पहांटे चांगलीच थंडी पडते), आणि नेहमींचें औषध असल्यास चिठ्ठीसह. खाऊच्या चकचकीत पुड्या देऊं नयेत. त्यांची कागदें डोंगरावरून गोळा करून खालीं आणण्याचें काम शेवटीं दुसऱ्याच मुलांवर पडतें. भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे पुरेत, आणि ते एकट्यापुरते नव्हे, दोघांना पुरतील एवढे.

रविवारीं संध्याकाळीं मूल घरीं येईल तेव्हां 'काय शिकलास?' असें लगेच विचारूं नये. होरेब डोंगराकडे निघालेल्या एलीयाला देवदूतानें आधीं झोंपूं दिलें, उठवून भाकर व पाणी दिलें, पुन्हां झोंपूं दिलें, पुन्हां खाऊं घातलें. देवाची वाणी त्याला ऐकूं आली ती त्यानंतर चाळीस दिवसांनीं. पाय शेकायला गरम पाणी द्यावें, पोटभर वाढावें व निजूं द्यावें. पुढच्या आठवड्यांत केव्हां तरी, बाजाराला जातांना किंवा मंदिरांतून परततांना, त्याला बरोबर घेऊन थोडें पायीं चालावें.